घोडबंदर ते महापे : पाय स्थिर ठेवला की पेट्रोल कुठे वाचते

विचारणारे गृहस्थ वाघबीळला राहतात आणि रोज महापेला ऑफिसला जातात. गाडी बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, पाच गिअरची. घेताना लिटरला वीसच्या वर ॲव्हरेज सांगितले होते, प्रत्यक्षात बारा-साडेबारा पडते. सर्व्हिसिंगला नेली तर इंजेक्टर क्लीनिंग, म्हणजे पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या भागाची सफाई, करून घ्या म्हणाले. मित्र म्हणतो, पाय अगदी हलका ठेव, चाळीसला पाचवा टाक, ऐरोलीचा पूल उतरताना न्यूट्रल कर. प्रश्न असा, की ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवल्याने खरेच फरक पडतो का? पडत असेल, तर या असल्या रस्त्यावर तो एकसारखा ठेवायचा तरी कसा?

फरक पडतो. तुमच्या रस्त्यावर, तुमच्या गाडीत, बाराचे साडेतेरा-चौदा होणे मला शक्य वाटते, तेही ऑफिसला उशीर न होता. वीस मात्र विसरा. तो आकडा प्रयोगशाळेतला असतो. गाडी रोलरवर चढवून, एसी बंद ठेवून, ठरवून दिलेल्या वेगांच्या तक्त्याप्रमाणे चालवतात आणि त्यातून तो निघतो. दोन मॉडेलची तुलना करायला तो उपयोगी आहे, कापूरबावडीच्या गर्दीला लावायला नाही. शिवाय आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. तेव्हा त्यातही थोडे जाते आणि त्यावर तुमच्या पायाचा काही इलाज नाही.

मी आधी वागळे इस्टेटमध्ये इंजिन ट्यूनिंगचे काम करत होते आणि आता टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांच्या ड्रायव्हरना शिकवते. त्यामुळे एकच गाडी दोन वेगवेगळ्या पायांखाली किती वेगळे पेट्रोल पिते, हे मला रोज समोर दिसते. स्टिअरिंगखाली जो सोळा पिनांचा सॉकेट असतो त्याला स्कॅनर लावला की पडद्यावर सगळे उघड होते. शिकायला येणाऱ्याला मी सपाट रस्त्यावर पन्नासवर गाडी धरायला सांगते. काटा पन्नासवरच असतो, त्याला वाटते आपण एकसारखे चालवतोय. पडद्यावर मात्र थ्रॉटलचा, म्हणजे हवेची झडप किती उघडी आहे त्याचा, आकडा अठरा, पंचवीस, चौदा, तेवीस, तेरा असा नाचत असतो. तो नकळत पाय दाबतो, गाडी पुढे सरकते, जास्त झाले म्हणून सोडतो, मग मंदावली म्हणून पुन्हा दाबतो. अकराशे किलोचे वजन असल्यामुळे काट्यावर यातले काही उमटत नाही. इंजिनाला मात्र प्रत्येक धक्का कळतो.

पाय अचानक दाबला की हवा लगेच आत शिरते, पण पेट्रोल तेवढ्या चपळाईने पोचत नाही. तुमच्यासारख्या बहुतेक गाड्यांत इंजेक्टर व्हॉल्व्हच्या अलीकडे, हवेच्या वाटेत फवारा मारतो आणि त्यातले काही पेट्रोल भिंतींना चिकटते. हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ पडून, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडून, गाडीने गचका खाऊ नये म्हणून कॉम्प्युटर त्या क्षणी थोडे जास्तीचे पेट्रोल सोडतो. एकेका वेळचे ते थेंबभर असते. दिवसभर पाय नाचत राहिला की त्याची बेरीज होते. पाय पार तळाला नेला तर आणखी एक गोष्ट घडते. पूर्ण ताकद देण्यासाठी आणि इंजिन थंड राखण्यासाठी कॉम्प्युटर मिश्रण मुद्दाम गडद करतो, म्हणजे त्यात पेट्रोल वाढवतो. तिथे काटकसरीचा विषयच संपतो.

पण खरी गळती याहून मोठी आहे, आणि ती ब्रेकमध्ये आहे. याचा हिशेब एकदा मांडून पाहा, कारण तो मांडल्याशिवाय पायाला शिस्त लागत नाही. तुम्ही आणि गाडी मिळून अकराशे किलो धरा. साठच्या वेगाला त्यात जी ऊर्जा असते ती सुमारे दीडशे किलोज्यूल. पेट्रोलमध्ये लिटरला सुमारे बत्तीस हजार किलोज्यूल असतात, पण इंजिन त्यातला एक चतुर्थांशच चाकांच्या कामी लावते. म्हणजे गाडी शून्यावरून साठला न्यायला, नुसता वेग आणायला, अठरा-एकोणीस मिलिलिटर पेट्रोल गेले. ब्रेक मारून थांबलात की ते सगळे ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन उडाले. पेट्रोल शंभराच्या वर आहे, म्हणजे साठवरून कचकन थांबण्याची किंमत जवळजवळ दोन रुपये. चाळीसवरून थांबलात तर निम्म्याहून कमी, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. आणि पूर्ण थांबायचीही गरज नाही. साठवरून चाळीसवर ब्रेकने आणले आणि पुन्हा साठ केले, तरी दहा मिलिलिटर गेले. लहान पेट्रोल इंजिन जागच्या जागी मिनिटभर चालू ठेवले तर साधारण तेवढेच पेट्रोल जाते.

तुमचे अंतर वीस-पंचवीस किलोमीटर आहे, म्हणजे एका फेरीला दोन लिटर. त्यात असे साठ-चाळीस-साठ तीस वेळा झाले, तर तीनशे मिलिलिटर नुसते ब्रेकवर गेले. पूर्व द्रुतगती मार्गावर लेन बदलत जाणाऱ्या माणसाला तीस वेळा होणे अवघड नाही. दोन लिटरातले तीनशे मिलिलिटर म्हणजे पंधरा टक्के. ते निम्मे केले तरी तुमचे बाराचे तेरा झाले, गाडीला हात न लावता.

म्हणून पाय स्थिर ठेवण्याचा माझ्या लेखी अर्थ असा : वेग यायला हवा तेव्हा तो न घाबरता घ्या, आला की पाय तिथेच गोठवा, आणि पुढे थांबायचे आहे हे दिसताक्षणी पाय पूर्ण सोडा. पाय या तीनच अवस्थांत असावा. मधली चुळबुळ आणि शेवटचा ब्रेक यांत पेट्रोल जाते.

पहिल्या भागाबाबत तुमच्या मित्राचा सल्ला चुकीचा आहे. पाय फार हलका ठेवून कासवगतीने वेग वाढवण्यात बचत नाही. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक फुलपाखरासारखी झडप असते. पाय जितका कमी, तितकी ती बंद, आणि इंजिनाला त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यातच ताकद घालवावी लागते. मध्यम दाबावर, अर्ध्याच्या आसपास पाय ठेवून, इंजिन जास्त कार्यक्षम चालते. तेव्हा अर्धा पाय द्या, दोन ते अडीच हजार आरपीएमला गिअर वर टाका, हव्या त्या वेगाला लवकर पोचा आणि मग पाय उचलून तेवढाच ठेवा जेवढ्यात वेग टिकतो. मागच्याला हॉर्न वाजवायची वेळही येत नाही.

गोठवायचे कसे, हे सांगण्यापेक्षा करून दाखवणे सोपे, पण लिहून पाहते. टाच जमिनीवर टेकलेली हवी. ॲक्सिलरेटर घोट्यातून दाबला जातो, मांडीतून नाही. टाच अधांतरी असेल तर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तुमच्या पायातून थ्रॉटलपर्यंत पोचतो आणि घोडबंदर रोडवर खड्ड्यांची कमतरता नाही. सीट फार मागे असली की पाय ताणला जातो आणि टाच उचलली जाते. तेव्हा सीट एक-दोन खाच पुढे घ्या, गुडघा थोडा वाकलेला राहील इतपत. बुटाची उजवी कड दाराकडच्या भिंतीला हलकी टेकवता आली तर फार उत्तम, पायाला आधार मिळतो. जाड तळव्याचे बूट आणि पावसाळ्यातल्या सुळसुळीत चपला, दोन्हींत पायाला काही कळत नाही. गाडीत तात्काळ ॲव्हरेज दाखवणारी पट्टी असेल तर पहिले काही दिवस ती लावून ठेवा, पण मोकळ्या रस्त्यावरच बघा. नजर तिच्यात अडकली तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त.

आता तुमचा रस्ता घेऊ.

वाघबीळ ते कापूरबावडी हा सगळ्यांत वाईट तुकडा. मेट्रोचे काम, सेवारस्त्यावरून घुसणाऱ्या गाड्या, मानपाड्याला डावीकडून येणाऱ्या बस आणि कंटेनर. इथे एकसारखा वेग कोणालाच मिळत नाही, पण एकसारखा पाय बराचसा मिळतो. पुढची गाडी हलली की लगेच तिच्या बंपरला जाऊन चिकटायचे आणि पुन्हा ब्रेक, हे सोडा. दोन-तीन गाड्यांची जागा पुढे सुटू द्या, पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटरला न शिवता गाडी आपोआप सरकत राहते तशी सरकू द्या. पुढचे थांबतील तोवर तुम्ही अजून चालत असता, आणि तुम्ही पोचेपर्यंत ते पुन्हा हललेले असतात. मोकळ्या जागेत रिक्षा घुसते, हे मला ठाऊक आहे, प्रत्येक शिकणारा हेच म्हणतो. घुसू द्या. एक रिक्षा घुसली तर तुम्ही चार मीटर मागे राहिलात. तिच्यासाठी प्रत्येक वेळी उडी मारून जागा भरायची तर क्लच, ब्रेक आणि पेट्रोल तिन्ही जातात आणि माजिवड्याला पोचता त्याच मिनिटाला.

इथली दुसरी युक्ती म्हणजे उंच गाडीच्या मागे न राहणे. टेम्पोच्या किंवा बसच्या मागे असलात की तिचे ब्रेकलाइट लागेपर्यंत तुम्हाला काहीच कळत नाही, मग तुमचाही ब्रेकच. एखाद्या छोट्या गाडीच्या मागे राहा आणि तिच्या काचांतून पलीकडे, तिच्या पुढच्या दोन-तीन गाड्यांकडे बघा. तिसऱ्या गाडीचे लाल दिवे लागले की पाय सोडा. बहुतेक वेळा तुमच्या पुढच्याने ब्रेक मारेपर्यंत तुमचा वेग उतरलेला असतो आणि तुम्हाला ब्रेक लागतच नाही. स्थिर पाय हा मुळात डोळ्याचा गुण आहे, असे मी शिकवते. ज्याची नजर पुढच्या बंपरवर, त्याचा पाय कधीच शांत राहत नाही.

माजिवड्याहून पूर्व द्रुतगती मार्गावर आलात की कॅडबरी, नितीन कंपनी, तीन हात नाका असे उड्डाणपूल ओळीने येतात. प्रत्येक पूल म्हणजे एक चढ आणि एक उतार, आणि इथे शिकण्यासारखे खूप आहे. बहुतेक जण चढावर वेग पडू नये म्हणून पाय वाढवत नेतात, माथ्यावर पोचतात तेव्हा गाडी जोरात असते, पलीकडे उतारावर आणखी वाढते, आणि खाली ट्रॅफिक दिसले की ब्रेक. चढण्यासाठी घातलेले पेट्रोल उतारावर ब्रेकमध्ये गेले. याऐवजी पुलाच्या पायथ्याशी पंचावन्नने या, पाय जिथे आहे तिथेच ठेवा आणि चढावर वेग पन्नास, अठ्ठेचाळीस असा आपोआप उतरू द्या. माथा आला की पाय सोडा. उतार तुम्हाला गेलेला वेग परत देतो, फुकट. चढावर वेग सोडून द्यायचा तो डावीकडच्या लेनमध्ये, हे मात्र पाळा. उजव्या लेनमध्ये मंदावलात तर मागच्याला ब्रेक मारावा लागेल, ते धोक्याचे आहे आणि असभ्यही.

याच कारणासाठी क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय, अशा चढउतारांच्या रस्त्यावर मला आवडत नाही. तिला फक्त वेग कळतो, पुढचा माथा दिसत नाही. चढावर ती थ्रॉटल उघडत जाते. अटल सेतूवर, जिथे मैलोन् मैल सपाट आहे, तिथे ती तुमच्या-माझ्या पायापेक्षा चांगली. तिथे लावाच.

आनंदनगर आणि ऐरोलीच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना टोल नाही. थांबायचे कारण गेले, सवय राहिली. लोक अजूनही बूथपर्यंत जोरात जाऊन तिथे ब्रेक मारतात. लेन अरुंद होतात आणि वेग उतरवावाच लागतो, हे आधीच माहीत आहे ना, मग दोनशे मीटर आधी पाय सोडा.

आता ऐरोलीचा खाडीपूल आणि न्यूट्रल. हे नीट समजून घ्या, कारण हा सल्ला इतका जुना आहे की वडीलधारेही तोच देतात. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडे तथ्य होते. इंजेक्शनच्या गाडीत नाही. गाडी गिअरमध्ये आहे, पाय पूर्ण सोडला आहे आणि इंजिन साधारण दीड हजार आरपीएमच्या वर फिरते आहे, अशा वेळी कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो. चाकेच इंजिनाला फिरवत असतात, पेट्रोल लागत नाही. स्कॅनरवर इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहतो हा आकडा असतो. पूल उतरताना मी शिकणाऱ्याला पाय सोडायला सांगते. क्षणभराने तो आकडा शून्य होतो आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेजही शून्याकडे पडते, कारण सायलेन्सरमध्ये आता नुसती हवा चालली आहे. मग सांगते, न्यूट्रल करा. इंजेक्टर लगेच पुन्हा टिकटिक सुरू करतो, दोन-अडीच मिलिसेकंद, कारण आता इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायचे आहे. हे एकदा पडद्यावर पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब घरंगळते हे खरे आहे, कारण इंजिनाचा अडसर नसतो. पण ऐरोलीला पूल संपून पुढे वेग उतरवायचाच असतो, तिथे लांब घरंगळून करायचे काय? शेवटी ब्रेकच मारणार. आणि न्यूट्रलमध्ये इंजिन ब्रेकिंग जाते, अचानक वेग घ्यायची वेळ आली तर गिअर शोधण्यात क्षण जातो. गायमुखच्या घाटात तर न्यूट्रल कधीही करू नका. उतरताना इंजिन बंद करणे हा त्याहून भयंकर प्रकार. ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होते, चावी फिरवली गेली तर लॉकही होऊ शकते. दहा मिलिलिटरसाठी जीव टांगणीला लावू नका.

चाळीसला पाचवा टाकण्याचेही तसेच. सपाट रस्त्यावर वेग फक्त टिकवायचा असेल आणि इंजिन कुरकुरत नसेल तर हरकत नाही. पण तुमच्या गाडीत चाळीसला पाचव्यात आरपीएम बाराशेच्या आसपास येतो. तिथून थोडाही वेग वाढवायला गेलात की इंजिन घरघरते, ठोके देऊ लागते. तो ठोका सेन्सरला कळतो, कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये ताकद कमी मिळते. तुम्ही पाय आणखी दाबता. वर सांगितलेली पेट्रोलबंदीही इतक्या कमी आरपीएमला नीट चालत नाही, पाय सोडला तरी इंजेक्टर सुरूच राहतो. चाळीसला चौथा, पन्नासच्या पुढे पाचवा, हे तुमच्या गाडीला मानवेल.

ऐरोली ते महापे, ठाणे-बेलापूर रोड, हा तुमच्या प्रवासातला सर्वांत कमाईचा भाग. रस्ता रुंद, काँक्रीटचा, घणसोली-तळवलीला उड्डाणपूल झाल्यापासून सलग चालणारा. इथे पन्नास ते पंचावन्न धरा आणि पाय गोठवा. पेट्रोल पंपांवर इंधन बचतीच्या ज्या पाट्या असतात त्यांवर ४५ ते ५५ चा वेग लिहिलेला असतो, तो उगाच नाही. त्याखाली इंजिन फार कमी भारावर चालते, आणि वर गेले की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरला गेलात तर हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. रबाळे-महापे पट्ट्यात ऐंशी मारणारा पुढच्या सिग्नलला तुमच्या शेजारी उभा असतो, हे तुम्ही रोज पाहत असाल. पाम बीच रोडलाही हेच. साठची मर्यादा पाळून एकसारखे गेलात तर अनेकदा सिग्नल सुटता सुटता तुम्ही पोचता आणि थांबावे लागत नाही, दुसऱ्याच गिअरमध्ये पुढे निघता. चालत्या गाडीला वीसवरून साठला न्यायला, शून्यावरून नेण्यापेक्षा कमी लागते. आणि थांबावेच लागले, समोर मिनिटाचा आकडा दिसत असला, तर इंजिन बंद करा. रांगेत चार-चार फूट सरकायचे असेल तेव्हा मात्र सारखे बंद-चालू करू नका.

घरी ऑटोमॅटिक गाडी असेल तर थोडे वेगळे. एएमटीत, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे गिअर मशीन बदलते त्या गाडीत, पाय दाबूनच ठेवला तर ती गिअर धरून बसते. हव्या त्या वेगाला आलात की पाय जरासा उचला, ती वरचा गिअर टाकते, मग पुन्हा तेवढाच ठेवा. सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, तर पाय स्थिर ठेवणे हेच सर्वस्व, ती पायाच्या प्रत्येक हालचालीला आरपीएम चढवते.

एसीबद्दल विचारले नाहीत, पण विचाराल. ठाण्याच्या मे महिन्यात एसी बंद करून पेट्रोल वाचवा असे मी कोणाला सांगत नाही. घामाने वैतागलेल्या माणसाचा पाय कधी शांत राहत नाही. उन्हात तापलेली गाडी काचा उघडून एक-दोन मिनिटे चालवा, गरम हवा बाहेर गेली की एसी लावा.

आता इंजेक्टर क्लीनिंग. गाडी सकाळी एका दमात सुरू होते का? सिग्नलला उभी असताना थरथरते का? पिकअप अडखळतो का? यातले काही नसेल तर पैसे खर्च करू नका. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरला पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करावे लागते तो आकडा, दाखवायला सांगा. तो आकडा शून्याच्या अलीकडे-पलीकडे, दहाच्या आत असेल तर कॉम्प्युटरला मिश्रणाबद्दल काही तक्रार नाही. त्याच वेळी इंजिनाचे तापमानही पाहून घ्या. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालल्यावर ते ८५ ते ९५ च्या दरम्यान यायला हवे. सत्तरच्या आसपास अडकत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची झडप, उघडा राहिलेला असू शकतो. मग इंजिन कायम थंडच आहे असे समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देत राहतो. हा दोष गाडी चालवताना कळत नाही आणि मी अनेक गाड्यांत पाहिला आहे.

हवेचा दाब दर पंधरवड्याला, सकाळी टायर थंड असताना. किती ठेवायचा ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेले असते, पंपावरचा मुलगा म्हणेल तो नाही. आणि डावा पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा.

मोजायचे कसे, हे महत्त्वाचे, नाहीतर फरक पडला की नाही हे कळणारच नाही. डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजवर विसंबू नका, ते बरेचदा जरा उदार असते. एकच पंप ठरवा, जमल्यास तेच मशीन. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की थांबा, 'थोडे अजून' नको. ट्रिप मीटर शून्य करा. टाकी पाव उरेपर्यंत चालवून पुन्हा तशीच फुल करा, किलोमीटरला लिटरने भागा. एका टाकीवरून काही ठरवू नका, नोझल थोडे आधी-नंतर बंद झाले तरी आकडा हलतो. पहिली टाकी नेहमीसारखी चालवून नोंदवा, मग पुढच्या तीन टाक्या वर सांगितले तसे. मध्ये पावसाळा सुरू झाला किंवा घोडबंदरला नवा खोदकामाचा टप्पा आला तर ते वहीत लिहून ठेवा, नाहीतर दोष पायाला द्याल.

तीन टाक्यांनंतरही आकडा हलला नाही, आणि ट्रिम, तापमान, हवा सगळे ठीक निघाले, तर ब्रेक पाहा. आपल्याकडच्या खारट, दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यानंतर, ब्रेक पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात आणि पॅड डिस्कला घासत राहतो. सकाळी ठाणे-बेलापूर रोडवरून आलात, शेवटचा किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी लावलीत, की उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहा, लावू नका, भाजेल. पुढची दोन्ही चाके सारखीच कोमट असायला हवीत, मागचीही एकमेकांसारखी. एखादे जोडीदारापेक्षा स्पष्ट गरम लागले आणि ते पुढचे असेल, तर त्याच चाकाची पिन साफ करून ग्रीस लावून घ्या. मागच्या चाकाचे असेल तर हँडब्रेकची केबल नीट सुटते का ते बघायला सांगा. हे काम कुठलेही बरे गॅरेज तासाभरात करते.